माप बरोबर होतं

बायकोला न विचारता घरात मोठी वस्तू आणायची नाही, हा नियम मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून पाळत आलोय. (पहिल्या महिन्यात मी एक आरामखुर्ची आणली होती. ती दारातून आत आली नाही. तो विषय वेगळा.) एकवीस वर्षं पाळलेला हा नियम एका गुरुवारी सकाळी, दात घासता घासता, मी मोडायचं ठरवलं. मनात कुठलंही पाप नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. दुकानातला तराजू खरा आहे का, कापडवाल्याचा मीटर पुरता मीटर आहे का, हे बघायचं आणि शिक्का मारायचा. सव्वीस वर्षं हेच करतोय. या नोकरीनं माणसाला एक खोड लागते. माप बरोबर आलं की सगळं बरोबर आलं, असं वाटायला लागतं.

बायको इमारतींचे नकाशे काढते. म्हणजे काढायची. अकरा वर्षांपूर्वी माझी बदली झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली. ‘वर्षभराचा तर प्रश्न आहे,’ असं मी तेव्हा अगदी हसत हसत म्हणालो होतो. त्या एका वर्षाची अकरा वर्षं झाली, आणि मी ती मोजली नाहीत. बाकी सगळं मोजतो.

आणि मग परवा परवा, एका आर्किटेक्ट बाईंच्या कचेरीतून तिला निरोप आला. काम घरून करायचं होतं, पण आधी परीक्षा. सोमवारी अकरा वाजता बाई आणि त्यांची माणसं लॅपटॉपवरून तिच्याशी बोलणार, एका शाळेच्या जिन्याचा नकाशा पाठवणार, आणि तो नकाशा ती त्यांच्या डोळ्यांदेखत दुरुस्त करणार. तासाभराचा मामला. जमलं तर काम मिळालं, नाही तर नाही.

“शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोण विचारणार आहे मला,” असं ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, पावसापाण्याविषयी बोलावं तसं. ते माझ्या जिव्हारी लागलं.

आठवडाभर ती जेवणाच्या टेबलावर सराव करत होती. लॅपटॉप लहान. जिना बघायला जावं तर दरवाजे पडद्याबाहेर जायचे, दरवाजे आणावेत तर जिना जायचा. ती नाक पडद्याला टेकवून बसलेली असायची. ते बघून मी त्या गुरुवारी ठरवलं, की हिला दोन मोठे मॉनिटर आणायचे आणि ते लॅपटॉपला जोडणारी ती पेटी, डॉक की काय म्हणतात, ती आणायची. आमच्या ऑफिसात साहेबांकडे आहे. एक वायर खुपसली की साहेबांचं सगळं टेबल जागं होतं.

तसं तिनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. बुधवारीच म्हणाली होती, “सोमवारी अकरा ते बारा मला फक्त शांतता हवीय. तुम्ही ऑफिसला जाल ना?”

“छे!” मी म्हणालो. “मी रजा टाकलीय. तुझ्यासाठी.”

ती काही बोलली नाही. मला वाटलं, गहिवरली.

गुरुवारी ती आंघोळीला गेल्यावर मी ऑफिसच्या बॅगेतून व्हर्निअर काढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं हे उपकरण आहे आणि ते घरी आणायला परवानगी नाही. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला एक लांबट, कडा गोल असलेलं भोक होतं. त्याचं माप मी तीनदा घेतलं, सरासरी काढली आणि चिठ्ठीवर लिहिली. रुंदी आठ पूर्णांक चौतीस शतांश, उंची दोन पूर्णांक छप्पन्न शतांश. खाली सही करणार होतो, पण आवरलं.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. सासूबाई तीन वर्षांपासून आमच्याकडे असतात. खिडकीपाशी बसून शब्दकोडी सोडवतात आणि घरात काय चाललंय ते मान वर न करता बघतात.

“काय मोजताय, जावईबापू?”

“हळू बोला. सरप्राइज आहे.”

“तिला विचारलंत?”

“विचारलं तर सरप्राइज कसलं?”

“हं,” सासूबाई म्हणाल्या आणि आडवा शब्द भरू लागल्या.

दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. मी म्हटलं, डॉक दाखवा.

“लॅपटॉप कोणता?”

“करडा.”

“मॉडेल हो, मॉडेल.”

मी चिठ्ठी पुढे केली. त्यानं चष्मा खाली ओढला आणि चिठ्ठी एकदा सरळ, एकदा उलटी करून वाचली.

“हे काय आहे?”

“माप.”

“तेवीस वर्षं धंदा करतोय,” तो म्हणाला. “लोक लॅपटॉप आणतात, फोटो आणतात, एकानं नुसती पिशवी आणली होती. भोकाचं माप आजवर कुणी आणलं नव्हतं.”

मी हे कौतुक समजलो. (अजूनही थोडं समजतो.) त्यानं डॉकची वायर काढली, मी खिशातून व्हर्निअर काढला. वायरीचं टोक मोजलं. हातभर लांबून बघणाऱ्यालाही दिसेल इतकं चपखल माप होतं.

“आत जाईल?” मी विचारलं.

“आत जाईल हो. पण आत गेल्यावर मॉनिटर लागतील का, ते मी लॅपटॉप बघितल्याशिवाय सांगणार नाही. दिसायला सगळी भोकं सारखीच असतात. काहींतून चित्र बाहेर येतं, काहींतून नाही येत. लॅपटॉप घेऊन या, दोन मिनिटांचं काम आहे.”

“लॅपटॉप आणता येणार नाही. सरप्राइज आहे.”

“मग मॉडेल नंबर तरी आणा. मागच्या बाजूला लिहिलेला असतो.”

आता खरं म्हणजे इथेच मी घरी जायला हवं होतं. पण त्याचं पहिलं वाक्य मी ऐकलं होतं आणि तेवढं मला पुरेसं होतं. आत जाणार म्हणजे चालणार. सव्वीस वर्षांत माप बरोबर असलेला तराजू बंद निघालेला मी पाहिला नव्हता. डॉक, दोन मॉनिटर, मोठा कीबोर्ड, माउस आणि एक वेगळा कॅमेरा, असं सगळं मी रिक्षात घालून आणलं आणि कपाटामागे लपवलं.

शनिवारी बायको लॅपटॉप घेऊन बहिणीकडे गेली. म्हणाली, दोन दिवस तिकडेच शांतपणे सराव करते, सोमवारी सकाळी येते; त्या दिवशी बहिणीकडे नळाचं काम निघालंय, तिथे बसता यायचं नाही. मला तर रान मोकळं झालं. रविवारी मी मागची खोली झाडली, टेबल भिंतीला लावलं, मॉनिटर मांडले. त्यांच्यामधलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं येईपर्यंत मी जेवलो नाही. कॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर नीट बसेना म्हणून चिकटपट्टीनं बसवला. सगळ्या वायरी टेबलामागून खाली सोडल्या. डॉकवर एक निळा दिवा लागला. मी सासूबाईंना बोलावून तो दिवा दाखवला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण हा कशाचा दिवा?”

“चालू असल्याचा.”

“काय चालू असल्याचा?”

लॅपटॉप तर बहिणीकडे होता. मी फडक्यानं तो दिवा पुसून घेतला.

सोमवारी सव्वादहाला बायको आली. मी तिच्या डोळ्यांवर हात ठेवून तिला मागच्या खोलीत नेलं आणि हात काढले. ती बराच वेळ त्या टेबलाकडे बघत उभी राहिली.

“तुम्ही केलंत हे सगळं?” तिनं विचारलं. आवाजात काहीतरी होतं. ते नक्की काय होतं ते मला कळलं नाही, पण वाईट नव्हतं एवढं नक्की. मग ती तोंड धुवायला गेली.

तेवढ्यात मी वायर खुपसली. टक्कन बसली. लॅपटॉप चार्ज होऊ लागला, कीबोर्ड चालला, माउस चालला. आता जुन्या चार्जरची गरजच काय? तिच्या बॅगेतून मी तो काढला, डॉकच्या रिकाम्या खोक्यात टाकला आणि खोकं कपाटावर फेकलं. खोक्यावर छापलंच होतं, एका वायरीत सगळं काम. मग मी मॉनिटरांची बटणं दाबली. दोन्ही मॉनिटर उजळले, दोघांवर ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं आली आणि दोघेही काळे झाले.

मी बटणं पुन्हा दाबली. पुन्हा तेच. वायर काढून फुंकर मारली. मॉनिटरच्या पाठीवर थाप मारली. मग थोडी जोरात मारली.

“मारू नका,” बायको दारातून म्हणाली. टॉवेल खांद्यावर टाकून ती जवळ आली, वायरीकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. “या भोकातून चित्र बाहेर येत नाही.”

“पण माप बरोबर आहे!”

“माप बरोबरच असणार. या लॅपटॉपला हे भोक चार्जिंगला आणि कीबोर्ड-बिबोर्डला दिलंय. मॉनिटर लावायचा तर पलीकडे दुसरं भोक आहे, तिथे एक लागतो. त्याची वायर वेगळी.”

“तुला ठाऊक होतं?”

“लॅपटॉप मीच घेतला होता ना?” ती म्हणाली. “पावणेअकरा झालेत. चार्जर कुठाय माझा?”

मी कपाटाच्या वर बघितलं. तिनंही बघितलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, पण यातून चार्ज तरी होतोय. आता फक्त एक करा. कशालाही हात लावू नका.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. मी दोन काळ्या मॉनिटरांच्या बाजूला, भिंतीला टेकून उभा राहिलो.

अकराला पडद्यावर चार चेहरे आले. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, त्याच आर्किटेक्ट असणार. त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. बायकोनं आवाज पूर्ण वाढवला. ओठ हलत राहिले, आवाज नाहीच.

“मला तुमचं ऐकू येत नाहीये,” बायको म्हणाली. तिकडे सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणजे तिचं त्यांना ऐकू जात होतं. बाईंनी हातानं लिहिल्याची खूण केली आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: ‘काही हरकत नाही. आम्ही लिहून सांगतो. तुम्ही सुरू करा.’

बायकोनं पाठ ताठ केली आणि जिन्याचा नकाशा उघडला. लहान पडद्यावर तो एकटाच मावला, चेहरे मागे गेले. ती काम करू लागली. अकरा वर्षांनी मी तिला कामात बघत होतो. हात असे चालत होते की मधली वर्षं झालीच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, की अशा वेळी शहाण्या माणसानं बाहेर जाऊन बसावं. पण आवाज माझ्या डॉकनं खाल्ला होता, हे उघड होतं. (नंतर कळलं ते असं, की डॉकलाही हेडफोनचं एक भोक असतं आणि लॅपटॉप आपला सगळा आवाज त्या भोकात ओतत बसला होता, जिथे हेडफोनच नव्हता.) तिचं नुकसान मी केलंय तर निस्तरायलाही मीच हवं, असं मला वाटलं. मी हळूच चार पायांवर टेबलाखाली गेलो.

खाली सात वायरी होत्या. एक ओढली. वर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला आणि चिकटपट्टी सोडून कॅमेरा टेबलामागून खाली आला. माझ्या नाकासमोर, वायरीला लोंबकळत राहिला. मी त्याला बाजूला केलं आणि कामाला लागलो. एकटा काम करताना मला पुटपुटायची सवय आहे. काय पुटपुटलो ते जसंच्या तसं सांगतो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही.

“ही कीबोर्डची. ही काळी. ही पण काळी. सगळ्याच काळ्या कशाला बनवतात? धूळ किती ही, कालच झाडलंय मी... दोन मिनिटं थांबा म्हणावं त्या बाईंना. जिना काय पळून जातोय? ... ही नाही. अरे देवा. सव्वीस वर्षं लोकांचे तराजू तपासलेस आणि घरात काय केलंस? वर्षभर म्हणालास, अकरा वर्षं बसवलंस तिला घरी. एकदा तरी विचारलंस, परत जायचंय का म्हणून? आता दोन-दोन मॉनिटर आणतोय शहाणा. तिनं मागितलं काय? एक तास शांतता. तेवढी सुद्धा देता आली नाही तुला, गाढवा.”

मी बाहीनं नाक पुसलं. तेवढ्यात बायकोच्या पायाचा अंगठा माझ्या बरगडीत रुतला.

मी बाहेर डोकं काढलं. ती पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. तिथे एकाखाली एक तीन ओळी आल्या होत्या.

‘टेबलाखालच्या गृहस्थांना सांगा, जिना पळून जात नाहीये. आम्ही थांबलो आहोत.’

‘बाकीचंही ऐकू आलं.’

‘कॅमेरा थोडा लांब धरला तर बरं. नुसतं नाक दिसतंय.’

लॅपटॉपला स्वतःचा चांगला कॅमेरा होता, माइक होता. पण मी नवा कॅमेरा जोडून दिला होता ना! लॅपटॉपनं तो माझा कॅमेराच, माइकसकट, प्रामाणिकपणे वापरला होता. इतका वेळ ती माणसं तिचा नकाशा बघत होती आणि बाजूच्या चौकोनात मला.

“चार्जर,” बायको म्हणाली. एवढंच.

मी धावलो. स्टूल घेतलं, सासूबाईंनी ते धरलं, खोकं उतरवलं, चार्जर आणला. तिनं तो त्याच्या जुन्या गोल भोकात लावला आणि डॉकची ती एक वायर उपटली. त्याच क्षणी खोलीत बाईंचा आवाज आला, “...येतंय का आता ऐकू?”

“येतंय,” बायको म्हणाली. “माफ करा. चौथ्या पायरीपासून पुढे सांगते. इथे वरची तुळई खाली आलीय. मोठ्या माणसाचं डोकं आपटेल.”

मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. सासूबाईंनी चहा ठेवला. तिकडून बायकोचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण आवाज सरळ होता, कुठे अडखळत नव्हता. हे काम गेलं तर ती काही म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याचीच मला भीती होती.

“तिचे वडीलही तुमच्यासारखेच,” सासूबाई एकदम म्हणाल्या. “ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिला सायकल आणली. तिची उंची मोजून, अगदी तिच्या मापाची. पाय टेकायचे, हात पोचायचे, सगळं बरोबर.”

“मग?”

“तिला पोहायला शिकायचं होतं.”

मी चहा प्यायलो. गोड नव्हता. साखर मागायचं धाडस झालं नाही.

सव्वाबाराला दार उघडलं. बायको बाहेर आली, खुर्चीत बसली, माझाच कप उचलून उरलेला चहा प्यायली.

“कसं झालं?”

“कळवतील.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “नाक कशाला पुसत होतात खाली?”

“तू ऐकलंस?”

“मी जिना काढत होते,” ती म्हणाली. “पण ऐकलं.”

“तू मागितलं असतंस तर मी...”

“मागितलं होतं,” ती म्हणाली. आणि हसली. मला रडू आलं असतं, पण सासूबाई समोर होत्या.

दोन दिवस घरात कुणी टेबलाला हात लावला नाही. मी ऑफिसला जात होतो, शिक्के मारत होतो आणि प्रत्येक तराजूकडे जरा संशयानं बघत होतो. बुधवारी संध्याकाळी फोन आला. बायकोचे हात कणकेचे होते, तिनं कोपरानं स्पीकर लावला. आम्ही तिघं फोनभोवती उभे राहिलो.

“काम पसंत आहे,” बाई म्हणाल्या. “त्या तुळईची चूक आमच्या चौघांच्या नजरेतून सुटली होती. शाळेचा जिना होता हो तो. सोमवारपासून सुरू करा.”

बायकोनं डोळे मिटले. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही ठेवणार होतो, पण जागा उरली नव्हती.

“घरूनच ना?” बायकोनं विचारलं.

“आमच्याकडे सगळे घरूनच काम करतात,” बाई म्हणाल्या. “तुमच्यासाठी मात्र आम्ही इथे ऑफिसात एक टेबल रिकामं करून घेतलंय. रोज दहा ते सहा.”

“माझ्या एकटीसाठी? का?”

बाई शब्द शोधत असाव्यात.

“तुमचं घर आम्ही पाहिलंय ना,” त्या हळुवारपणे म्हणाल्या. “चालेल का तुम्हाला?”

“चालेल,” बायको म्हणाली.

इतक्या झटकन ती मला लग्नालाही हो म्हणाली नव्हती.